साबणाच्या खोक्यावरून

थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर लंडन शहराचा जो भाग वसला आहे, तेथें उन्हाळ्याच्या दिवसांत माणसांची मोठी वर्दळ असते. नदीकांठच्या फरसबंद वाटेवरून कोणी नाटकगृहाकडे निघालेला असतो, कोणी मुलांना खाऊ घेऊन देत असतो, तर कोणी नुसतेंच पाणी पाहात कठड्याशीं उभा असतो. इ. स. २०११ सालच्या उन्हाळ्यांत या वर्दळीमध्यें एक नवलाचें दृश्य लोकांच्या नजरेस पडलें. कांहीं स्त्रिया खोक्यांवर उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्यांशीं बोलत होत्या. त्यांच्यापाशीं विकावयाचा माल नव्हता. कोणा उमेदवारासाठीं त्या मतें मागत नव्हत्या. धर्मोपदेश करण्याचाहि त्यांचा हेतु नव्हता. त्या शास्त्रज्ञ होत्या, आणि प्रयोगशाळेंत व रानावनांत आपण काय शोधीत आहों, तें रस्त्यानें जाणाऱ्या कोणाहि माणसास सांगण्यासाठीं त्या तेथें आल्या होत्या. या उपक्रमाचें नांव 'सोपबॉक्स सायन्स', म्हणजे साबणाच्या खोक्यावरचें विज्ञान.

खोक्याचें हें नांव हौसेनें दिलेलें नाहीं. पूर्वीं साबणाचे कारखानदार आपला माल मजबूत लांकडी खोक्यांत भरून दुकानदारांकडे पाठवीत. माल संपला म्हणजे खोकें रिकामें होई. तें रस्त्याच्या कोपऱ्यावर पालथें घालून त्यावर एकादा माणूस उभा राहिला, कीं त्याचा आवाज गर्दीच्या डोक्यांवरून पलीकडे पोहोंचे. ज्याला सभागृह भाड्यानें घेण्याची ऐपत नाहीं आणि ज्याला कोणी आपल्या सभेंत बोलावीत नाहीं, त्याचें हें व्यासपीठ. त्याला अध्यक्ष लागत नाहीं, आमंत्रणपत्रिका लागत नाहीं आणि दारावर द्वारपाळहि नसतो. श्रोता आवडलें तर थांबतो, न आवडलें तर चालूं लागतो.

विज्ञानाला मात्र अशा खोक्याची गरज पडावी, याचें कोणासहि आश्चर्य वाटेल. विज्ञानाला मोठमोठीं सभागृहें आहेत, विद्वानांच्या परिषदा आहेत, शेंकडों वर्षांच्या परंपरेच्या संस्था आहेत. मग एकविसाव्या शतकांत शिकल्यासवरल्या स्त्रियांनीं भर रस्त्यांत येऊन उभें कां राहावें? याचें उत्तर त्या सभागृहांच्याच इतिहासांत आहे. कारण एकाद्या सभेंत बसून ऐकण्याची परवानगी असणें आणि त्याच सभेंत उभें राहून बोलण्याचा अधिकार असणें, या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. आणि या दोहोंतील अंतर तोडण्यास स्त्रियांना दोनशें वर्षें लागलीं.

या इतिहासाचा आरंभहि एका रस्त्यावरच सांपडतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यांत लाइम रीजिस नांवाचें लहानसें बंदर आहे. तेथील समुद्रकांठचे कडे चुनखडीच्या व मातीच्या थरांचे आहेत. हिवाळ्यांतील वादळांनीं हे कडे ढासळतात आणि कोट्यवधि वर्षांपूर्वीं समुद्रांत वावरलेल्या प्राण्यांचे दगड झालेले अवशेष उघडे पडतात. या गांवीं रिचर्ड ॲनिंग नांवाचा एक सुतार राहात असे. फावल्या वेळीं तो मुलांना घेऊन किनाऱ्यावर जाई, असे दगडी शंखशिंपले वेंचून आणी आणि घोडागाड्या जेथें थांबत तेथें एक मेज मांडून ते प्रवाशांना विकी. इ. स. १८१० त तो वारला आणि कुटुंब कर्जांत बुडालें. त्याची मुलगी मेरी त्या वेळीं अकरा वर्षांची होती.

मेरीनें बापाचा हा जोडधंदा पुढें चालविला. १८११ त तिच्या भावाला एक मोठी कवटी सांपडली. पुढील वर्षीं तिनें त्याच प्राण्याचा उरलेला सांपळा हुडकून काढला. मत्स्यासारख्या आकाराच्या त्या प्रचंड सरड्याला पुढें इक्थिओसॉर हें नांव मिळालें. १८२३ त लांब मानेच्या प्लेसिओसॉरचा संपूर्ण सांपळा तिच्याच हातीं लागला, आणि १८२८ त एका उडत्या सरड्याचे अवशेष. या मुलीला शाळेचें शिक्षण फारसें मिळालें नव्हतें. परंतु शास्त्रीय निबंध मिळवून ती ते हातानें उतरून घेई आणि प्राण्यांची रचना समजावी म्हणून मासे चिरून पाही. तिच्या दुकानाशीं थांबलेल्या प्रवाशाला नुसता दगड मिळत नसे. तो कोणत्या प्राण्याचा कोणता अवयव आहे, हेंहि ती त्याला समजावून देई. लंडनचे नामांकित भूशास्त्रज्ञ तिच्याकडे येत, तिच्याबरोबर कडे धुंडीत आणि तिच्याकडून शिकून परत जात.

परंतु १८२४ च्या फेब्रुवारींत जेव्हां हा प्लेसिओसॉर लंडनच्या भूशास्त्र मंडळासमोर मांडण्यांत आला, तेव्हां तो मांडला विल्यम कॉनिबेअर यांनीं. आणि आपल्या निवेदनांत त्यांनीं मेरी ॲनिंगचें नांवहि घेतलें नाहीं. मेरीला त्या सभेंत प्रवेश नव्हता. १८०७ त स्थापन झालेल्या त्या मंडळानें स्त्रियांना सभासद करून घेतलें तें १९१९ सालीं. मेरी १८४७ त मरण पावली. तिच्या मृत्यूनंतर मंडळाच्या अध्यक्षांनीं आपल्या वार्षिक भाषणांत तिचा गौरव केला. जिला जिवंतपणीं त्या दारांतून आंत येतां आलें नाहीं, तिचें नांव मृत्यूनंतर तेवढें आंत आलें. शोध लावणारी रस्त्यावरच्या मेजापाशीं आणि शोध सांगणारे सभागृहांत, अशी ही वांटणी होती.

मेरी गरीब होती, धर्मानें राजमान्य पंथाबाहेरची होती आणि राजधानीपासून दूर राहात होती; म्हणून तिच्या वाट्याला हें आलें असें कोणी म्हणेल. तर मग लंडनमधल्याच एका सुखवस्तु घराची कथा पाहावी. १७९९ त लंडनमध्यें रॉयल इन्स्टिट्यूशन ही संस्था स्थापन झाली. विज्ञान सामान्य जनांपर्यंत पोहोंचवावें हा तिच्या उद्देशांपैकीं एक होता. तेथें १८०१ पासून हंफ्री डेव्ही यांचीं रसायनशास्त्रावरील व्याख्यानें होऊं लागलीं. तीं इतकीं लोकप्रिय झालीं, कीं श्रोत्यांच्या घोडागाड्यांनीं आल्बेमार्ल रस्ता तुंबून जाई. आणि म्हणूनच तो लंडनमधला पहिला एकेरी वाहतुकीचा रस्ता ठरला, असें सांगतात. या श्रोत्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. त्यांनीं वर्गणी भरावी, पुढल्या रांगांत बसावें आणि टाळ्या वाजवाव्या, याला कोणाची हरकत नव्हती.

त्या रांगांत जेन मार्सेट नांवाची एका वैद्याची पत्नी बसत असे. डेव्हींचे प्रयोग डोळ्यांपुढें होत. परंतु ते इतक्या झपाट्यानें होत, कीं रसायनाची पूर्वतयारी नसलेल्या श्रोत्याला त्यांचा धागा सांपडत नसे. घरीं येऊन मैत्रिणीशीं त्याच विषयाची चर्चा केली म्हणजे तो उलगडतो, असा तिचा अनुभव होता. या अनुभवावरून तिनें रसायनशास्त्रावर संवादरूपानें एक ग्रंथ लिहिला. त्यांत एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी आहेत. एक मन लावून ऐकणारी, दुसरी उतावळी. दोघी प्रश्न विचारतात, चुकतात, प्रयोग करून पाहतात. हा ग्रंथ १८०६ च्या सुमारास निघाला आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या खपल्या. पण लेखिकेचें नांव मुखपृष्ठावर येण्यास १८३२ साल उजाडलें. तोंवर पुष्कळांना तो एकाद्या पुरुषाचाच वाटत असे.

त्याच काळांत लंडनमधील एका पुस्तक-बांधणाऱ्याच्या दुकानांत एक गरीब उमेदवार काम करीत होता. बांधणीसाठीं आलेलीं पुस्तकें तो वाचून काढी. त्यांत हें पुस्तक त्याच्या हातीं आलें. त्यांतील विधानें आपल्या तोकड्या साधनांनीं तपासून पाहतां तीं खरीं ठरलीं, तेव्हां त्याचा विज्ञानावर विश्वास बसला. हा मुलगा म्हणजे मायकेल फॅरेडे. पुढें तो डेव्हींचा मदतनीस झाला, आणि विजेच्या व चुंबकाच्या त्याच्या शोधांवर आजचें सारें विद्युद्युग उभें आहे. फॅरेडेनें हें ऋण कधीं लपविलें नाहीं. मार्सेटबाईंना आपली पहिली शिक्षिका मानून तो आपले निबंध त्यांच्याकडे पाठवीत असे.

आतां याच कथेची दुसरी बाजू पाहावी. फॅरेडेच्या पुढाकारानें १८२५ सालीं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांसाठीं नाताळची व्याख्यानमाला सुरू झाली. महायुद्धाच्या काळांतील खंड सोडला तर ती अखंड चालत आली. या मालेंत व्याख्याता म्हणून पहिली स्त्री उभी राहिली ती १९९४ सालीं. त्या वर्षीं सुसान ग्रीनफील्ड यांनीं मेंदु या विषयावर व्याख्यानें दिलीं. ज्या फॅरेडेला एका स्त्रीच्या पुस्तकानें विज्ञानाची वाट दाखविली, त्यानें सुरू केलेल्या व्याख्यानमालेंत स्त्रीला बोलावयास एकशें एकोणसत्तर वर्षें लागलीं. ऐकण्याची परवानगी आणि बोलण्याचा अधिकार यांमधलें अंतर याहून स्पष्ट रीतीनें मोजून दाखवितां येणार नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या अंतरावर सरळ पाऊल टाकणारी एक स्त्री निघाली. तिचें नांव हर्था एर्टन. जन्म १८५४ चा. बाप पोलंडहून आलेला ज्यू घड्याळजी. तो लवकर वारला आणि आईनें शिवणकाम करून मुलें वाढविलीं. हर्था हितचिंतकांच्या साहाय्यानें केंब्रिजच्या गर्टन कॉलेजांत गेली आणि १८८० त तिनें गणिताची परीक्षा दिली. पण केंब्रिजनें तिला पदवी दिली नाहीं. तें विद्यापीठ पदवीच्या बाबतींत स्त्रियांना पुरुषांच्या पूर्ण बरोबरीनें वागवूं लागलें तें १९४८ सालीं.

त्या काळीं युरोपांतील रस्त्यांवर विजेचे जे प्रखर दिवे असत, त्यांत कोळशाच्या दोन कांड्यांमध्यें विजेची कमान पेटत असे. हे दिवे मधूनच फडफडत, उजेड कमी-जास्त होई आणि त्यांतून फुत्कारासारखा आवाज येई. हा दोष कां उत्पन्न होतो, हें कोणाला नीट सांगतां येत नव्हतें. हर्थाबाईंनीं चिकाटीनें प्रयोग करून दाखवून दिलें, कीं कोळशाच्या टोंकाशीं पडलेल्या खळगीला हवेंतील प्राणवायूचा स्पर्श होतो, त्यामुळें हा फुत्कार निघतो. १८९९ त विद्युत्-यंत्रशास्त्रज्ञांच्या मंडळापुढें त्यांनीं हा निबंध स्वतः वाचला. त्या मंडळापुढें स्वतःचा निबंध वाचणारी ती पहिली स्त्री. आणि मंडळानें त्यांना लगेच सभासदहि करून घेतलें.

रॉयल सोसायटीनें मात्र निराळा मार्ग धरला. १९०१ त हर्थाबाईंचा निबंध तेथें वाचला गेला, पण तो जॉन पेरी या पुरुषानें. १९०२ त त्यांचें नांव सभासदत्वासाठीं सुचविलें गेलें, तेव्हां सोसायटीनें कायदेपंडितांचा सल्ला घेतला. त्यांचें मत असें पडलें, कीं विवाहित स्त्रीला कायद्यानें स्वतंत्र अस्तित्व नसल्यामुळें ती सभासद होऊं शकत नाहीं. निबंधाच्या गुणावगुणांचा प्रश्नच उरला नाहीं. लेखिका विवाहित आहे एवढेंच पुरेसें ठरलें. दोन वर्षांनीं, १९०४ त, समुद्रकांठच्या वाळूंत लाटांच्या वळ्या कशा उमटतात या विषयावरचा आपला निबंध त्यांनीं त्याच सोसायटीपुढें स्वतः वाचला. तेथें असें करणारी हीहि पहिलीच स्त्री. १९०६ त सोसायटीनें त्यांना ह्यूज पदक दिलें. पदक देतां आलें, पण खुर्ची देतां आली नाहीं.

सभागृहाचें दार असें अर्धवट उघडलेलें असतां इंग्लंडच्या स्त्रिया रस्त्यावर उतरूं लागल्या होत्या. लंडनच्या हाइड पार्क उद्यानांत सभा भरविण्यावरून सरकार आणि जनता यांच्यांत १८६६ त मोठा झगडा झाला होता. १८७२ च्या कायद्यानें तेथें सार्वजनिक भाषणाला जागा मिळाली. तेव्हांपासून त्या उद्यानाचा एक कोपरा खोक्यावरच्या वक्त्यांसाठीं प्रसिद्ध आहे. १९०८ च्या २१ जूनला मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांच्या सात मिरवणुका निरनिराळ्या दिशांनीं या उद्यानांत येऊन मिळाल्या. तेथें वीस व्यासपीठें उभारलीं होतीं आणि लाखों लोक जमले होते. घरांत बोलणें ठीक, चारचौघांत बोलणें अशोभनीय, असें ज्यांना लहानपणापासून शिकविलें गेलें होतें, त्यांनीं त्या दिवशीं मोकळ्या हवेंत, विरोधकांच्या आरड्याओरड्यांत बोलण्याचा सराव केला.

हर्था एर्टन या चळवळींत सामील होत्या. १९१० च्या नोव्हेंबरांत पार्लमेंटकडे निघालेल्या ज्या स्त्रियांना पोलिसांनीं निर्दयपणें धक्काबुक्की केली, त्यांत पन्नाशी उलटलेल्या हर्थाबाईहि होत्या. उपोषणानें खंगून तुरुंगांतून सुटलेल्या एमेलिन पँकहर्स्ट यांची शुश्रूषा त्यांच्या घरीं होत असे. रस्त्यांवरच्या दिव्यांचा फुत्कार ज्या बाईनें थांबविण्याचा मार्ग दाखविला, तिला आपला हक्क मागण्यासाठीं त्याच रस्त्यांवर यावें लागलें. हर्थाबाई १९२३ त निवर्तल्या. तोंपर्यंत स्त्रियांना मताचा हक्क कांहीं अंशीं मिळाला होता, पण रॉयल सोसायटीचें दार बंदच होतें.

तें उघडलें १९४५ सालीं. त्या वर्षीं कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीफेन्सन या दोघींची सभासद म्हणून निवड झाली. लॉन्सडेल यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें बेंझीनच्या कड्याचा आकार सपाट असल्याचें १९२९ त सिद्ध केलें होतें. तर स्टीफेन्सन यांनीं सूक्ष्म जंतूंच्या शरीरांत चालणाऱ्या रासायनिक घडामोडींचा अभ्यास केला होता. स्टीफेन्सन केंब्रिजच्या ज्या जीवरसायन विभागांत काम करीत, त्याचे प्रमुख सर फ्रेडरिक हॉपकिन्स हे होते. स्त्रियांना काम करण्यास जागा देणारा विभाग म्हणून त्याची ख्याति होती. आणि याच विभागांत एक मराठी मुलगी येऊन पोहोंचली होती.

ही मुलगी म्हणजे कमला भागवत, पुढच्या कमलाबाई सोहोनी. मराठी वाचकांना सुपरिचित असलेल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. १९३३ त मुंबई विद्यापीठाची पदवी परीक्षा पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण होऊन त्यांनीं बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनीं तो नाकारला. अर्जदार स्त्री आहे, हें त्याचें कारण. कमलाबाई बंगलोरला गेल्या, त्यांनीं कारण विचारलें आणि सत्याग्रहाची भाषा केली. तेव्हां त्यांना प्रवेश मिळाला, पण तो अटींवर. पहिलें वर्ष परीक्षेचें राहील आणि त्यांच्यामुळें पुरुष विद्यार्थ्यांच्या कामांत व्यत्यय येतां कामा नये, अशा त्या अटी होत्या. त्यांच्या कामानें रामन यांचें मत पालटलें आणि पुढें संस्थेंत विद्यार्थिनींना प्रवेश मिळूं लागला. नंतर कमलाबाई केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींच्या श्वसनक्रियेंत भाग घेणाऱ्या सायटोक्रोम-सी या द्रव्यावर त्यांनीं संशोधन केलें आणि अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध लिहून १९३९ त डॉक्टरेट मिळविली. विज्ञानांत ती मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो.

या विदुषीनें पुढें आपलें ज्ञान प्रयोगशाळेच्या भिंतींत कोंडून ठेविलें नाहीं. नीरा, डाळी, तांदुळाचें पीठ अशा सामान्य माणसाच्या आहारांतील पदार्थांवर त्यांनीं मुंबईच्या विज्ञान संस्थेंत काम केलें आणि अखेरीस त्या संस्थेच्या संचालक झाल्या. निवृत्तीनंतर ग्राहकांच्या चळवळींत शिरून खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या सुरक्षिततेविषयीं त्यांनीं लेख लिहिले. मराठींत 'आहारगाथा' हें पुस्तक लिहिलें. बाजारांतून आणलेल्या जिनसांत काय आहे, हें गृहिणीला कळलें पाहिजे, अशी त्यांची दृष्टि होती. मेरी ॲनिंगचें मेज, जेन मार्सेटचा संवाद आणि कमलाबाईंचें आहारावरील लेखन यांत एक नातें आहे. ज्यांना ज्ञानाच्या दारांत तिष्ठावें लागलें, त्यांना दाराबाहेर कोण कोण उभें आहे याचा विसर पडला नाहीं.

दारें तर उघडलीं. मग खोक्याचें प्रयोजन काय उरलें? २०११ त हा उपक्रम ज्या दोघींनीं सुरू केला, त्यांच्यापुढें हाच प्रश्न होता. सिरियन समनर या गांधीलमाशांच्या व मुंग्यांच्या समाजजीवनाच्या अभ्यासक. नाताली पेटोरेली या उपग्रहांवरून घेतलेल्या चित्रांच्या साहाय्यानें वन्य प्राण्यांची व त्यांच्या अधिवासाची स्थिति अभ्यासणाऱ्या. दोघी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या संशोधन संस्थेंतल्या. त्यांना असें दिसत होतें, कीं विज्ञान शिकणाऱ्या मुली पुष्कळ असल्या तरी जसजसें वर चढावें तसतशा स्त्रिया विरळ होत जातात. आणि 'शास्त्रज्ञ' हा शब्द उच्चारला असतां सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें अजून पुरुषाचीच मूर्ति येते. कायद्यानें दार उघडतां येतें. माणसाच्या मनांतलें चित्र कायद्यानें पुसतां येत नाहीं. तें पुसावयाचें तर त्या माणसाच्या समोर जाऊन उभें राहिलें पाहिजे. आणि विज्ञानाच्या व्याख्यानाला जो आपण होऊन कधींच जात नाहीं, तो सांपडतो रस्त्यावर.

म्हणून या उपक्रमाची पद्धति मुद्दाम साधी ठेवलेली आहे. एका वेळीं कांहीं खोकीं मांडलेलीं असतात आणि प्रत्येकीवर पांढरा डगला घातलेली एक संशोधक सुमारें तासभर उभी राहते. सभागृह नाहीं, पडद्यावर चित्रें दाखविणारें यंत्र नाहीं, वक्ता आणि श्रोता यांच्यामध्यें कोणी दुभाष्या नाहीं. हातांत असतात त्या दोऱ्या, फुगे, चिकणमाती अशा घरगुती वस्तु. विद्यापीठांत जी तिच्या विषयाचा शब्द उच्चारतांच समजली जाते, तिला येथें पहिल्याच वाक्यांत सिद्ध करावें लागतें, कीं आपलें म्हणणें ऐकण्याजोगें आहे. एक लहान मूल तिला विचारतें, कीं गांधीलमाशीचा उपयोग तरी काय? त्याला उत्तर देतांना परिभाषेच्या आड लपतां येत नाहीं. कीर्तनकार जसा आख्यान सांगतां सांगतां श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरून आपला सूर बदलतो, तसेंच येथें करावें लागतें; आणि आपला विषय आपल्याला खरोखर किती समजला आहे, हें त्या तासाभरांत तिचें तिलाच कळून येतें.

लंडनमागोमाग ब्रिस्टल, स्वॉन्झी, बेलफास्ट अशा शहरांत हीं खोकीं मांडलीं गेलीं. पुढें आयर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया इत्यादि देशांतहि हा परिपाठ पोहोंचला. २०२० सालीं करोनाच्या साथीनें रस्तेच ओस पडले, तेव्हां कांहीं काळ हीं भाषणें संगणकाच्या पडद्यावरून करावीं लागलीं.

या उपक्रमावर एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीं. स्त्रियांनीं संशोधनहि करावें, घरहि सांभाळावें आणि वर रविवारीं रस्त्यावर उभें राहून समाजाची समजूतहि सुधारावी; हा तिसरा भार त्यांच्याच माथीं कां? शिवाय रस्त्यावरच्या टाळ्यांनीं प्राध्यापकाचें पद मिळत नाहीं. जी संस्था आपल्या संशोधिकेला खोक्यावर उभी राहिलेली पाहून कौतुक करते, पण बढतीच्या वेळीं तिचा तो तास जमेस धरीत नाहीं, ती संस्था पदक देऊन खुर्ची नाकारणाऱ्या जुन्या सोसायटीहून फारशी निराळी म्हणतां येणार नाहीं. खोकें हें खुर्चीच्या ऐवजीं दिलें गेलें, तर तो पुन्हां दाराबाहेर उभें करण्याचाच प्रकार ठरेल.

परंतु या आक्षेपानें खोक्याचें महत्त्व कमी होत नाहीं. मेरी ॲनिंगच्या मेजापाशीं थांबलेल्या प्रवाशाला जें कळलें, तें त्याला कोणत्याहि मंडळाच्या इतिवृत्तांत सांपडलें नसतें. कारण तेथें तें सांगणारीचें नांवच नव्हतें. आज खोक्यावर उभ्या असलेल्या स्त्रीच्या समोर थांबलेल्या मुलीला शोध आणि शोध लावणारी या दोघी एकाच जागीं दिसतात. त्या मुलीला तो विषय कदाचित् चार दिवसांनीं आठवणारहि नाहीं. पण शास्त्रज्ञ कशी दिसते, तिचा आवाज कसा असतो आणि तिला मोठ्यानें प्रश्न विचारला तर ती वांकून उत्तर देते, हें तिच्या लक्षांत राहील. लाइम रीजिसच्या घोडागाडीच्या थांब्यापासून थेम्सच्या तीरापर्यंत येण्यास दोनशें वर्षें लागलीं. या वाटेवर सभागृहांचीं दारें एकामागून एक उघडलीं, तीं कोणी आपण होऊन उघडलीं नाहींत. बाहेर उभें असलेलें कोणी तरी आपलें बोलणें थांबवीत नव्हतें, म्हणून तीं उघडावीं लागलीं.